एक तरी घाबरला पाहिजे

आपला सिनेमा पाहून लोक महिनाभर दिवा लावून झोपतील, असं चष्मेवाल्याने घरात छातीठोकपणे सांगून टाकलं. आजवर त्याने लोकांना भिंतीवरच्या अक्षरांपलीकडे काही दाखवलेलं नव्हतं, पण उत्साहाला काही तोटा नव्हता. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं आणि अट घातली. हॉलमधला एक माणूस, फक्त एक, खरोखर घाबरला तर दुसरा सिनेमा खुशाल काढा. नाही घाबरला, तर हे खूळ कायमचं बंद आणि मुकाट्याने चष्म्यांच्या दुकानात बसायचं. चष्मेवाल्याला हसूच आलं. एक माणूस म्हणजे किस झाड की पत्ती!

मंडळी सगळी नवखीच जमली. नायिका म्हणून त्याची पुतणी होती, तिला रडायला सांगितलं की हसू यायचं. भूत झाला शेजारचा शिंपी. त्याने पांढरा झगा स्वतःच शिवून आणला, तोही दोन खिशांसकट, कारण बिनखिशाचा कपडा आपल्या हातून आजवर गेलेला नाही, असं त्याचं म्हणणं. आता खिसे म्हटल्यावर हात त्यात जाणारच. त्यामुळे हे भूत अख्ख्या सिनेमात बसची वाट बघत असल्यासारखं उभं राहिलं.

खरा घात मात्र केला मेहुण्याने. कॅमेरा त्याचा होता आणि त्याने आजवर फक्त लग्नांचे व्हिडिओ काढलेले होते. त्या धंद्यात एकही नातेवाईक सुटून चालत नाही. कुणाची आत्या दिसायची राहिली, तर ती आत्या जन्मभर बोलत नाही. त्यातून शूटिंग सासऱ्यांच्या राहत्या घरी, म्हणजे सगळं सासर बघायला हजर. चष्मेवाला घसा फोडून सांगे की हा ओसाड बंगला आहे आणि मुलगी अगदी एकटी आहे, आणि मेहुण्याचा कॅमेरा सवयीने हळूच भिंतीकडे वळे. तिथे मामा, मामी आणि दोन्ही काकू रांगेने उभ्या असत. पुढे चित्रीकरणाचे तुकडे जोडायचं कामही मेहुण्यानेच केलं. चष्मेवाल्याने आधी एकदा बघायला मागितलं, तर तो म्हणाला, "दाजी, नवरदेवाला आम्ही आधी कधीच दाखवत नाही."

वाचनालयाचा हॉल खच्चून भरला. दिवे मालवले आणि पडद्यावर सिनेमाचं नाव आलं, गुलाबाच्या पाकळ्यांतून तरंगत. ओसाड बंगल्याचं दार करकरत उघडलं आणि दारामागून मामीने हसून हात हलवला. टाळ्यांचा कडकडाट झाला. भूत आलं तेव्हा दोन बायकांनी शिंप्याला तिथल्या तिथे सांगून ठेवलं, की आम्हाला अगदी असाच झगा शिवून हवा, खिशांसकट.

पडदा सोडून चष्मेवाला लोकांचे चेहरे न्याहाळू लागला, पण एवढी खुशीत असलेली माणसं त्याने सासरी याआधी पाहिलीच नव्हती. बायको तर पदर तोंडाला लावून गदगदा हसत होती. त्याला फार वाईट वाटलं. दुसऱ्या सिनेमाची गोष्ट डोक्यात तयार होती, आणि ती आता लोकांच्या चष्म्याचे नंबर काढता काढता तिथेच विरून जाणार होती.

शेवटचा प्रसंग आला. पुतणी जिना चढत होती, मागून खिशात हात घालून भूत येत होतं, आणि तेवढ्यात हॉलमध्ये कुणीतरी किंचाळलं. अगदी खरीखुरी किंकाळी! दिवे लागले. पहिल्या रांगेत सासरे थरथरत उभे होते. सासरे म्हणजे जंगलखात्यात हयात घालवलेला माणूस. एकदा वाटेतल्या अस्वलाला "सरक" म्हणाले होते, असं ते स्वतः सांगत. चष्मेवाला खुर्च्या ओलांडत त्यांच्यापाशी धावला.

"घाबरलात ना? भुताला घाबरलात ना?"

"कसलं डोंबलाचं भूत! जिन्याखाली पाठमोरा उभा होता, तो टकल्या कोण?"

हॉलमधल्या सगळ्या माना सासूबाईंकडे वळल्या. शेवटी सासूबाईच खालच्या आवाजात म्हणाल्या, "अहो, ते तुम्हीच."

सासऱ्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला हात नेला, बराच वेळ चाचपलं आणि मटकन खाली बसले. समोरून तर केस आहेत, मग मागे हे कधी झालं आणि घरातल्या एकालाही सांगावंसं वाटलं नाही का, असं त्यांनी विचारलं. सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले.

चष्मेवाल्याने आशेने बायकोकडे पाहिलं. तिने डोळे पुसले, वडिलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "घाबरले ते घाबरले. काढा दुसरा."

चष्मेवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. त्याने मेहुण्याला मिठी मारली, शिंप्याला मारली, एका अनोळखी गृहस्थांनाही मारली. तेवढ्यात सासरे सावकाश उठले.

"काढाच, जावईबापू," ते म्हणाले. "आणि त्यात इथल्या एकूण एक माणसाला पाठमोरं घ्या."

अख्ख्या हॉलचे हात एकदम डोक्यामागे गेले. इतका भेदरलेला प्रेक्षक चष्मेवाल्याला उभ्या सिनेमात मिळाला नव्हता.