वाघमारे बाईंचा श्रावणातला शिमगा

आमच्या शाळेत दिवाळी जुलैत यायची, एप्रिलच्या घामात नाताळ व्हायचा आणि संक्रांतीच्या आसपास कधीतरी गरबा. नव्वद-एक्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. शाळा भाईंदर पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर भरायची. वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकी एकदा भर जानेवारीत गरब्याच्या टाळ्या ऐकून खाली आल्या आणि मला म्हणाल्या, "सर, आपके स्कूल में कौन सा कॅलेंडर चलता है?" मी काय सांगणार? कॅलेंडर वाघमारे बाईंचं होतं.

बाई एरवी दुसरीचा वर्ग सांभाळायच्या, पण शुक्रवारचा शेवटचा तास तिसरीला संगीत शिकवायच्या. म्हणजे शिकवायच्या असं म्हणायची पद्धत होती. त्यांचा स्वतःचा आवाज कायम बसलेला. शाळेत एक पेटी होती, तिच्या तीन पट्ट्या मुक्या होत्या, आणि बाईंना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. "आधी पाय, मग गळा," हा त्यांचा मंत्र. तास सुरू झाला की बाकं भिंतीला लागत, चपला दाराबाहेर जात आणि चाळीस पोरं एका तालात पाय आपटू लागत. पाय जमले की हात, हात जमले की शब्द, आणि शब्द आले की सूर आपसूक मागून येतो, असं त्यांचं शास्त्र. आश्चर्य म्हणजे तो खरंच यायचा. मधली भिंत प्लायवूडची आणि पलीकडे माझी चौथी. तिकडे गौरी नाचू लागल्या की इकडे माझ्या मुलांचे पाय बाकाखाली हलायला लागत आणि भागाकाराची बाकी कुणाचीच बरोबर येत नसे.

मी परळहून नव्यानं राहायला आलेला, शिस्तीचा माणूस. एकदा त्यांना चांगलं सुनावलं, की बाई, ज्याचा सण त्याच्या वेळी करावा, मुलांच्या डोक्यात घोळ होतो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सणाचं काय सर, बोलावला की येतो." अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी तो सोडून दिला.

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मात्र त्या श्रावणात निर्वाणीचं सांगितलं. तपासणीला साहेब येणार होते. मागच्या खेपेला त्यांना ऐन दिवाळीच्या तोंडावर गुढीपाडवा ऐकावा लागला होता. यंदा मुलांनी नागपंचमीचंच गाणं म्हणायचं, नाहीतर संगीताचा तास बंद करून तो गणिताला द्यायचा. गणित म्हणजे मी. खरं सांगतो, मला आतून थोडं बरंच वाटलं. वाघमारे बाईंचा चेहरा मात्र पडला. सगळा आठवडा त्या शुक्रवारच्या त्या तासावर काढायच्या, हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं?

बाईंनी पंधरा दिवस मान खाली घालून नागपंचमी बसवली. फेर, फुगड्या, सगळं अगदी पंचांगाला धरून.

तपासणी शुक्रवारी होती. साहेब दहाला येणार होते. साडेअकरा झाले तरी पत्ता नाही. तिसरीची मुलं हाताची घडी घालून बसलेली आणि बाईंनी काही उपद्व्याप करू नयेत म्हणून मोठ्या बाईंनी मला तिथंच बसवलेलं. एवढ्यात दाराशी रेश्माचे वडील आले. रेश्मा तिसरीतलीच, अबोल मुलगी. खारीगावातल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार मालकानं चौथ्याच महिन्यात मोडला होता. शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या हातात होता, सामान टेम्पोत चढलं होतं आणि टेम्पोवाला घाई करत होता. रेश्मानं मुकाट दप्तर उचललं.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग रेश्माकडे पाहिलं. आणि म्हणाल्या, "उठा. बाकं मागे. शिमगा."

मी "बाई, बाई" करेपर्यंत बाकं भिंतीला लागलीसुद्धा. रेश्मा मधोमध, भोवती चाळीस पोरं फेर धरून पाय आपटतायत आणि शेवटी तोंडावर उलटा हात मारून होळीची रीतसर बोंब. रेश्माच्या वडिलांनीही दारात उभ्या उभ्या दोन बोंबा ठोकून घेतल्या. त्यांना बाजूला सारून साहेब आत आले.

त्यांनी शांतपणे विचारलं, की सध्या कोणता महिना चालू आहे. पोरं खरं बोलणारी. "श्रावण," सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. सूर तेवढा उत्तम लागला होता.

तास गेला. मला मिळाला. शाळा सुटल्यावर मी बाईंना गाठलं आणि रागानंच म्हणालो, की दहा मिनिटं दम धरला असता तर तास वाचला असता. त्या बाकं पुन्हा रांगेत लावत होत्या.

"सर, साहेब पुढच्या वर्षी परत येतील," त्या म्हणाल्या. "रेश्मा येणार आहे का? शिमग्याची वाट बघत होती पोरगी. इथला एकही शिमगा मिळाला नाही तिला."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुलैतली दिवाळी विरारला गेलेल्या सोनूची होती. जानेवारीतला गरबा केतनचा. ऑफिसात कुणाच्या दाखल्याचा अर्ज आला, की बाई त्या मुलाला गुपचूप विचारायच्या, "तुझा कुठला राहिलाय?" आणि तो सण बोलावून घ्यायच्या. आमच्या भागात घरं अकरा महिन्यांची, तेही पुरे होतील याचा भरवसा नाही, आणि सणांचं वर्ष बारा महिन्यांचं. मला फार लाज वाटली.

पुढच्या शुक्रवारी मी तिसरीवर गेलो, फळ्यावर 'गणित' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि वाघमारे बाईंना बोलावून आणलं. कागदोपत्री गणितच राहू दे, म्हटलं. बाई दारात घुटमळल्या. त्या आठवड्यात कुणाचाच दाखला निघाला नव्हता, त्यामुळे सण कुठला घ्यावा हेच त्यांना सुचेना. तेव्हा पहिल्या बाकावरचा संतोष म्हणाला, "बाई, तुमचा कुठला राहिलाय?"

बाईंना आजवर हे कुणी विचारलं नसावं. त्यांनी फळ्यावरच्या गणिताकडे पाहिलं.

"पोळा," त्या म्हणाल्या. "तुमच्याएवढीच होते. वडील रस्त्याच्या कामावर, मराठवाड्यात. चार महिने एका गावात, चार महिने दुसऱ्या. शाळेत पोळ्याचा नाच होता, त्यात मी बैल होणार होते. आईनं पुठ्ठ्याची शिंगं करून रंगवली होती. आदल्या दिवशी ट्रक आला."

 मग संतोष उठला आणि न सांगता बाक मागे ओढायला लागला. त्याच्या मागून सगळेच. बाईंनी चपला दाराबाहेर काढल्या, दोन्ही हातांची शिंगं करून डोक्याला लावली आणि पाय आपटला. मुलांनी डबे वाजवायला घेतले.

पण पोळ्याला बैलांची जोडी लागते. पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी चष्मा काढून खिशात ठेवला.