पास केलेले ब्रेक

कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी गाडी चालते आहे, हे नीळकंठ देवधरांच्या सोमवारी सकाळी लक्षात आलं आणि अवधपुरीतल्या त्यांच्या घराचा अख्खा आठवडा कामाला लागला. गाडी चौसष्ट सालची, सासऱ्यांनी म्हणजे अण्णांनी दिलेली. त्याच शहरात कोलार रोडला धाकट्या मुलाकडे राहणारे अण्णा येत्या रविवारी थोरल्याकडे म्हैसूरला निघाले होते, कायमचे. सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांनी एकच मागणं केलं होतं, "जायच्या आधी एकदा माझ्या गाडीतून मोठ्या तलावावर फिरवून आणा."

"जाऊ की अशीच, हळूहळू," देवधरांच्या पत्नी शशिकलाबाई म्हणाल्या.

"अण्णांना आजारी गाडीत बसवू? शोभेल का मला?"

नीळकंठरावांनी निवृत्तीपर्यंत तीस वर्षं कारखान्याच्या तपासणी विभागात काढली होती. एकदा शिक्का मारून पास केलेली वस्तू पुन्हा उघडायची नाही, हा तिथला नियम त्यांच्या हाडीमासी खिळला होता. गेल्या महिन्यात गाडीचे ब्रेक त्यांनी स्वतः आवळले होते. म्हणजे ब्रेक पास. ब्रेकवर संशय घेण्याचा प्रश्नच नव्हता.

सुरेश मिस्त्रीला बोलावलं. हा मूळचा ग्वाल्हेरचा, अण्णांच्या काळापासून गाडी सांभाळणारा. त्याने जॅक लावून मागचं चाक हाताने फिरवलं. ते पाव फेरीतच थांबलं.

"साहेब, पहले ब्रेक बघून घेऊ ना. दोन मिनिट का काम आहे."

"ब्रेक मी केलेत. पुढे बोल."

सुरेशने जॅक खाली घेतला. मंगळवारी ऑइल बदललं, चाक जडच. बुधवारी इंजिनाकडून येणारा दांडा सोडवला, तरी जडच. "म्हणजे दोष अ‍ॅक्सलच्या पोटात!" नीळकंठराव चोर पकडल्याच्या थाटात म्हणाले. गुरुवारी मागची दोन्ही चाकं जोडणारा अख्खा अ‍ॅक्सल ब्रेकच्या ड्रमांसकट खाली उतरून व्हरांड्यात येऊन पडला. शुक्रवारी करोंदच्या वर्कशॉपवाल्याने तो उघडायला सोमवारचा वायदा दिला. शनिवारी नीळकंठराव व्हरांड्यात नुसत्या येरझारा घालत राहिले.

रविवारी अण्णा सामानासकट टॅक्सीने दारात उतरले. गाडी मागून विटांवर टेकवलेली त्यांनी पाहिली. काठी लेकीच्या हाती देऊन ते अ‍ॅक्सलशेजारी स्टुलावर बसले, ड्रम हलवून पाहिला, पाना मागितला आणि ड्रमच्या मागचा चौकोनी नट जरासा सैल केला. ड्रम गरगर फिरू लागला. दुसऱ्या बाजूचाही फिरला.

"ब्रेक फार आवळलेत. कुणी आवळले हो?"

"सुरेशने," नीळकंठरावांच्या तोंडून निघून गेलं.

अ‍ॅक्सल परत बसवायला अर्धा दिवस हवा होता आणि म्हैसूरची रेल्वे सुटायला दीडच तास उरला होता. अण्णा उठले, विटांवरच्या गाडीत मागच्या सीटवर पाच मिनिटं बसले, काच एकदा खाली-वर केली आणि टॅक्सीत जाऊन बसले.

बुधवारी गाडी अगदी मोकळी पळत होती. सकाळीच नीळकंठरावांनी सुरेशची माफी मागितली होती आणि तो नुसताच हसला होता. शशिकलाबाईंना शेजारी बसवून तलावाच्या रस्त्याला लागल्यावर त्यांचं लक्ष आरशातल्या रिकाम्या सीटकडे गेलं आणि त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाचं एवढंसं मागणं आपण आपल्या ताठ्यापायी घालवलं. त्यांनी गाडी कडेला घेऊन म्हैसूरला फोन लावला.

"अण्णा, ब्रेक मीच आवळले होते. खोटं बोललो तुमच्याशी."

"ठाऊक आहे मला. सुरेशचा हात मी चाळीस वर्षं ओळखतो."

"मग तिथेच का नाही बोललात?"

"शशी उभी होती ना. मुलीसमोर जावयाला कसं बोलायचं?"

फोन स्पीकरवर होता. "अण्णा, मला तर सोमवारीच वाटलं होतं, ब्रेकच असणार म्हणून," शेजारून शशिकलाबाई म्हणाल्या. "पण मिस्त्रीसमोर नवऱ्याला कसं बोलायचं?"



"तलाव दिसतोय का तिथून?" अण्णांनी विचारलं.

"दिसतोय."

"मग फोन बंद करू नका. चालवा हळूहळू."

नीळकंठरावांनी फोन मागच्या सीटवर ठेवला आणि गाडी सुरू केली.