शिंपल्यांच्या आहाराचा स्रोत

जगातील कोणताही पदार्थ नष्ट होत नाही. तो फक्त दुसऱ्या खात्याकडे वर्ग होतो. समुद्राचा सारा कारभार याच तत्त्वावर चालतो, आणि सांगायला लाज वाटते, पण एकाही कारकुनाविना चालतो.

इस्त्रिया या युरोपीय द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर स्तारा द्रागा गावात ज्वाने हा म्हातारा काळ्या शिंपल्यांची शेती करी. आजोबांच्या काळापासून त्यांच्या घरचे दोर खाडीत लोंबत होते आणि दोरांना शिंपले. गावाचे सांडपाणी एका नळाने त्याच खाडीत येई. त्यावर पाण्यात बारीक हिरवे शेवाळ माजे, शेवाळावर शिंपले माजत, आणि शिंपल्यांवर गाव. वर्तुळ पूर्ण होते. फक्त ते कुणी मंजूर केलेले नव्हते.

मग शुद्धीकरण केंद्र आले. (उद्घाटनाला बँड होता.) पाणी असे नितळ झाले की आठ पुरुष खोलीवरचा खेकडा कोणत्या घराण्यातला ते धक्क्यावरून ओळखू येई. पर्यटकांनी फोटो काढले. खाण्याजोगे काही उरले नाही म्हणून मासे गाव सोडून गेले. शिंपल्यांना पाय नसल्याने ते राहिले. त्यांच्यात मांस उरले बारा टक्के. बाकी अठ्ठ्याऐंशी टक्के कवच आणि स्वाभिमान.

नियम असा, की नोव्हेंबरच्या तपासणीत मांस वीस टक्क्यांखाली भरले तर खाडीचा परवाना रद्द, आणि ती जागा श्रीमंतांच्या नौका बांधायला. मे महिन्यात ज्वाने टोपी हातात घेऊन नगराध्यक्ष ऑर्नेलाकडे गेला.

"पोरी, थोडंसं सोड ना परत समुद्रात. पूर्वीसारखं."

"काका, मला कळतं हो. मीही तेच शिंपले खाऊन वाढलेय. पण हे कागदावर कसं लिहू?"

"लिही, शिंपले उपाशी आहेत."

"त्याला समिती लागेल."

समिती नेमली गेली. सभासद सात, पैकी दोघांनी समुद्र पाहिलेला. तिचा अभ्यास मात्र खोल होता. तिला आढळले, की नळात असतो तोवर तो मैला आणि समुद्रात पडला की तीच पोषक द्रव्ये. ही बढती नेमकी कितव्या मीटरवर मिळते यावर तीन बैठका झाल्या. कार्बनचे वर्तन तर त्याहून बेशिस्त. तो हवेतून पाण्यात उतरतो, शेवाळात शिरतो, शेवाळ खाणाऱ्याची विष्ठा होऊन किंवा त्याच्याबरोबर मरून भुग्यासारखा तळाशी जातो. काही भाग तिथे हजार वर्षे बसून राहतो (एवढी सेवा खुद्द नगरपालिकेतही कुणाची नाही), उरलेला कुजतो आणि पुन्हा वर यायची संधी पाहतो. या संपूर्ण वाहतुकीची एकही पावती सापडली नाही.

तोडगा मात्र निघाला. केंद्रातला गाळ ट्रकने डोंगरापलीकडे न्यायचा, वाळवायचा, पोत्यांत भरायचा, 'सागर पोषण' असा शिक्का मारून परत आणायचा आणि जिथे तो पूर्वी आपोआप पडत असे तिथे ओतायचा. अकरा सह्या लागणार होत्या. ऑक्टोबरपर्यंत चार झाल्या. पाचवा अधिकारी निवृत्त झाला.

"तुझ्या समितीपेक्षा मी रोजचं सूप ओतते खाडीत," ज्वानेची बायको फेमा म्हणाली. "निदान शिंपल्यांना लसूण तरी मिळेल."

"ओत. नाहीतरी ते खाववत नाहीच."

"शिंपले बारीक झालेत, जीभ नाही झाली तुझी."

आणि एका रविवारी बूरा सुटला. डोंगरावरून कोसळणाऱ्या या वाऱ्याने तीन दिवस खाडी ढवळली आणि तळाशी वर्षानुवर्षे साचलेले सगळे वर आणले. पाणी हिरवेगार झाले. पर्यटन मंडळाने निषेध नोंदवला. शिंपल्यांनी नोंदवला नाही. (समितीने वाऱ्याला विनापरवाना वाहतुकीची नोटीस काढली. पत्ता 'ईशान्य' एवढाच असल्याने ती परत आली.)

नोव्हेंबरात निरीक्षक कुकुल्यान आला. त्याने शिंपले उकडले, सोलले, तोलले.

"तेवीस टक्के. उत्तम! पण हे पोसले कशावर?"

"वाऱ्यावर, साहेब."

"वाऱ्याने ढवळलं. मुळात टाकलं कुणी? समिती नेमल्यापासून रकाना नऊ सक्तीचा आहे. आहाराचा स्रोत, प्रत्येक योगदात्याचं नाव आणि सही. नाहीतर हे शिंपले बेकायदा जाडे झालेत, आणि परवाना गेला."

ज्वानेने कागद पुढे ओढला. स्वतःचे नाव लिहिले, फेमाचे लिहिले, सगळ्या गावाचे लिहिले. मग पेन थांबले.

"ऑगस्टात तुम्ही इथे दहा दिवस होतात, साहेब. रोज पोहायला यायचात."

"मग?"

"म्हणजे पोहत नव्हतात. कमरेइतक्या पाण्यात उभे राहायचात. बराच वेळ. एकदम शांत, क्षितिजाकडे बघत."

"आणि मग जरासं शहारून बाहेर यायचात," फेमा म्हणाली. "मी धक्क्यावरून बघायचे. म्हटलं, शिकलेला माणूस, केवढा विचार करतो!"

निरीक्षकाचे कान उकडलेल्या खेकड्याच्या रंगाचे झाले.

"इथे सही, साहेब," ज्वाने म्हणाला. "रोजची एक धरली तर दहा."

कुकुल्यानने कागद ओढून घेतला, सगळी नावे खोडली, नवव्या रकान्यात 'नैसर्गिक' असे लिहिले आणि दहा वर्षांच्या परवान्यावर शिक्का मारला.

पुढच्या खेपेस कुठला अधिकारी येईल याचा नेम नाही, म्हणून ज्वानेने योगदात्यांची यादी नव्याने करायला घेतली आहे. ती अर्थातच अपुरी आहे. समुद्र सगळे एकच, आणि वाचकहो, तुम्हीही कधीतरी कुठल्यातरी किनाऱ्यावर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून अचानक गंभीर झाला असालच. नाव सुवाच्य अक्षरात लिहावे.