‘पंगत’ आणि अठ्ठावीस हजार रुसवे

माणसाला थांबायला लावणारं ॲप म्हणजे संस्कृतीवरचा डाग, असं हर्षद हैदराबादेतल्या कुकटपल्लीच्या ऑफिसात उठता-बसता सांगत असे. रविवारी त्याच्याच साखरपुड्यात त्याच्याच ॲपनं त्याच्या होणाऱ्या सासूबाईंना पाऊण तास ताटकळत ठेवलं होतं.

ॲपचं नाव ‘पंगत’. कार्यात कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, हे ते सांगे. “नवी आवृत्ती टाका, काकू. जुन्या नोंदी नव्या रचनेत जातील, पापणी लवायच्या आत,” असं सकाळी त्यानंच सांगितलं होतं. सत्यवतीकाकूंनी पापणी बरीच लववून पाहिली. चिक्कडपल्लीचा फंक्शन हॉल, दारात दीडशे पाहुणे, आणि फोनवर फिरणारं चक्र. दोन टक्के.

“फिरायलंय नुसतं, जावईबापू,” काकू म्हणाल्या. “हिम्मतराव अन् दत्तोबा शेजारी बसले तर साखरपुडा मोडलाच म्हणून समजा. नामपल्लीच्या लग्नात तूप आधी कुणाला वाढलं, यावरनं अकरा वर्षांचा अबोला आहे. असे अजून लई आहेत. सगळं त्यातच लिहिलंय.”

हर्षदनं लॅपटॉपला फोन जोडला आणि गार पडला. चाचणी त्यानं नऊ नोंदींवर घेतली होती; सगळे त्याचे मित्र, त्यांच्यात कुणी रुसतच नसे. इथे नोंदी होत्या अठ्ठावीस हजार चारशे सोळा. काकूंनी आपल्या सात जुन्या वह्याही त्यात उतरवल्या होत्या. वांगं वाढलं म्हणून कोण ताटावरून उठलं, कुणाला मांडवात मागची खुर्ची मिळाली. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे निजामाच्या काळातला एक रुसवा तर वारसाहक्कानं नातवाकडे आला होता. देवळात शिरल्यासारखे हर्षदनं नकळत बूट काढून ठेवले.

“पण ते करतंय तरी काय?” काकूंनी विचारलं.

“एक नोंद नव्या कप्प्यात ठेवतंय, कप्पा बंद करतंय, पूर्ण यादी पुन्हा नावानुसार लावतंय. मग कप्पा उघडून दुसरी.”

“म्हणजे एक पोळी लाटली की परात घासून फळीवर, अन् दुसरीसाठी पुन्हा खाली?”

“...हो.”

“हे इंजिनिअरिंगला शिकवतात?”

हर्षदनं लॅपटॉप जवळ ओढला. मूळ नोंदींची प्रत बाजूला काढली, तीन ओळी खोडल्या, दोन लिहिल्या. आता सगळ्या नोंदी एका दमात जाणार, कप्पा एकदाच बंद होणार, यादी शेवटी एकदाच लागणार. त्यानं बटण दाबलं.

सहा सेकंद. अठ्ठावीस हजार चारशे सोळा रुसवे आपापल्या माणसांसकट नव्या घरात राहायला गेले, आणि वाटेत एकही सांडला नाही. हर्षदचे हात आपोआप जोडले गेले. काकूंनीही जोडले.

“हर्षद,” नवरी योगिनी पडद्याआडून म्हणाली, “पाहुणे थांबून थांबून आत शिरले. जागा मिळेल तिथे बसलेत.”

तिघं धावत बाहेर आले. हिम्मतराव आणि दत्तोबा एकाच सोफ्यावर, मांडीला मांडी लावून बसले होते. आणि बोलत होते. हिम्मतराव म्हणत होते, “पाऊण तास उभं केलं आपल्याला. कोणत्या गाढवानं बनवलंय हे ॲप?” दत्तोबा म्हणाले, “अगदी माझ्या मनातलं बोललात बघा.” मागच्या तीन रांगांतले सगळे रुसवेही याच विषयावर एकमेकांना दुजोरा देत होते.

काकूंनी बराच वेळ ते दृश्य डोळे भरून पाहिलं. मग हर्षदच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, “जावईबापू, ते पहिल्यासारखं हळू करता येतं का हो? जेवणं होईपर्यंत तरी.”