नमुना क्रमांक सत्तेचाळीसचं सुतक

नमुना क्रमांक सत्तेचाळीसमधल्या इलेक्ट्रॉननी सोमवारी सकाळी सुतक धरलं. वीज वाहायची थांबली. मी तारा तपासल्या, जोडण्या तपासल्या, पंप तपासला. सगळं धड होतं. नमुन्याच्या पातळ थरांमध्ये चिमूटभर मँगनीज पेरलेलं असतं, त्याचे अणू तेवढे एकजात दक्षिणेकडे तोंड करून बसले होते, मयताच्या घरी दिव्याची वात ठेवतात तसे. या थरांत इलेक्ट्रॉन एकमेकांना बांधलेले असतात. एक बसला की बाकीच्यांना चालता येत नाही.

विभागप्रमुख सरपोतदार सरांनी आकडे बघितले. "सुतकच आहे. ऑफिसला कळवा."

ऑफिसातले आवळसकर फॉर्म घेऊन आले. "मयताचं नाव?"

"माहीत नाही."

"मॅडम, तो रकाना रिकामा चालत नाही. दहा दिवस काम बंद ठेवायचं म्हणजे कोणीतरी गेलेलं हवं."

मी हजेरीपटावर बोट फिरवलं. विभागात सगळे जिवंत होते. मग आठवलं, हे थर केंजळेकाकांनी चढवलेत. सव्वीस वर्षं ते हेच करत होते. मला साधं सोल्डरिंगसुद्धा त्यांनीच शिकवलं. रिटायर होऊन वाईला गेले त्याला आठ महिने झाले होते आणि मी एकदाही गेले नव्हते. रकाना तसाच सोडून मी फॉर्म आवळसकरांना परत दिला.

गुरुवारी धीर करून फोन लावला. काकांनीच उचलला.

"अहो काका, तुम्ही आहात!" मी ओरडलेच. "ही मेली कार्टी तुमचं सुतक धरून बसलीयत."

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

ते बोटांवर मोजत असावेत. "म्हणजे दहावा बुधवारी. डॉक्टरही साधारण तेच म्हणतात. त्या कार्ट्यांना आपल्या आधी कळतं, त्यांची चूक नाही. त्याच्या आत येऊन जा ना पोरी."

"नमुना गार ठेवायला बुधवारपर्यंत हीलियम भरणं माझ्या गळ्यात आहे हो. सोडून आले आणि नमुना तापला तर मँगनीज दाही दिशांना तोंडं करेल. तुमची मेहनत पाण्यात जाईल. गुरुवारी येते, पहिल्या गाडीने."

"हं," काका म्हणाले. "नमुना सांभाळ."

सांभाळला. सहा दिवस मीटरवरच्या शून्याकडे बघत बसले, हीलियम भरत राहिले, डबाही तिथेच खाल्ला. बुधवारी अकरा वाजता सुई हलली. मँगनीजने दक्षिण सोडली आणि वीज अशी सुरेख वाहायला लागली की आमच्या प्रयोगशाळेत तसं कधी मोजलं गेलं नव्हतं. काकांना आधी सांगायचं म्हणून मी वाईला फोन लावला. सुनेने उचलला.

"बाबा आत्ताच गेले," ती म्हणाली. "आमचं आजपासून."

मी रजेचा अर्ज लिहिला. मला रडू येत होतं, आणि माझाच संताप येत होता. आवळसकरांनी कपाटातून जुना फॉर्म काढला, रिकाम्या रकान्यात केंजळ्यांचं नाव लिहिलं, खाली शिक्का मारला.

"मॅडम, या मयताचं सुतक या प्रयोगशाळेने पाळून झालंय," ते हळू आवाजात म्हणाले. "एका माणसाचं दोनदा देता येत नाही."

मी नियम वाचला. तसाच होता.

ऑफिसातून प्रयोगशाळेत परत आले तेव्हा नमुना उत्तम चालला होता. मी खुर्ची तेवढी दक्षिणेकडे फिरवून घेतली आणि आकडे उतरवायला बसले.