तीन नव्या कोंबड्या आणि क्षितिजाचं लग्न

जुन्या कोंबड्यांमध्ये नव्या कोंबड्या मिसळाव्यात तर त्या मीच, हे आधीच सांगून टाकतो. अख्ख्या घोडबंदर गावात हे काम दुसऱ्या कुणाला जमत नाही. एका औषध कंपनीच्या गोदामात मी तीस वर्षं सुपरवायझर होतो. एकमेकांचं तोंड न बघणारे हमाल मी एका ताटात जेवायला बसवलेत, तिथे कोंबड्यांची काय कथा?

आमच्या परसात चार जुन्या कोंबड्या आहेत. त्यांच्यातली थोरली काळी, तिला आम्ही मुकादम म्हणतो. तिच्या परवानगीशिवाय दाणाही कुणी टिपत नाही. अशा ठिकाणी नवी कोंबडी सरळ सोडली, तर दोन दिवसांत तिचं टक्कल पडतं. म्हणून मी तीन तांबड्या कोंबड्या आणल्या, त्या खुराड्याला लागून वेगळ्या पिंजऱ्यात ठेवल्या आणि मध्ये जाळी लावली. पंधरा दिवस एकमेकींना नुसतं बघायचं, मग रविवारी अकरा वाजता जाळी काढायची. एक पीसही पडणार नाही, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. "बरं," सुचेता म्हणाली. ती माझ्या सगळ्याच योजनांना एवढंच म्हणते.

नव्या जागी बिचाऱ्या बुजतील म्हणून मी त्या तिघींना मक्याचा भरडा, लसूण, चिरलेला पालक असं साग्रसंगीत घालत होतो. इथेच घोळ झाला. आम्ही रत्नागिरीकडचे. आमच्याकडे काय आणि इथे काय, कोंबडी वेगळी काढून तिला चारीठाव खायला घातलं, की त्याचा एकच अर्थ होतो: खास पाहुणा जेवायला येणार. हे मला माहीत असायला हवं होतं.

तिसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडून शेवंतीकाकूंनी मान उंचावली. त्या मूळच्या इथल्याच. "कोंबड्या येगल्या काढल्यास. पावना कोन हाय?"

"कुणी नाही काकू. सवय होऊ देतोय, म्हणून ठेवल्यात."

"सांगायचा न्हाय तर नको सांगू," असं म्हणून त्या आमच्या मुलीकडे, क्षितिजाकडे बघून गोड हसल्या. क्षितिजा सव्वीस वर्षांची आहे. हिशेब लागायला काकूंना वेळ लागला नाही.

काकूंची सून संजना जेसल पार्कला शिवणक्लास घेते आणि माझ्या मेव्हण्याची, हरिश्चंद्रची, बायको तिच्याच क्लासला जाते. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला.

"भावोजी, क्षितिजाचं ठरतंय आणि मामालाच पत्ता नाही?"

"काही ठरत नाहीये. कोंबड्या पाळायला आणल्यात."

"तीन कोंबड्या म्हणजे वीस माणसांचं जेवण झालं. मला शिकवता काय?"

इथे मी गप्प बसायचं सोडून रागावलो. माझ्या पंधरा दिवसांच्या योजनेला हा जेवण म्हणतोय. "पुढच्या रविवारी अकराला ये आणि डोळ्यांनी बघ," मी म्हणालो. "असा कार्यक्रम तू आयुष्यात बघितला नसशील."

त्या रविवारी अकराला दोन गाड्या आल्या. हरिश्चंद्र, त्याची बायको, तीन मावश्या आणि बाकीचे धरून अकरा माणसं उतरली. हातात नारळ, पेढे, क्षितिजाला साडी. क्षितिजा जुना टी-शर्ट घालून परसात मोबाइल धरून उभी होती, कारण जाळी काढताना शूटिंग करायचं असं मीच तिला सांगून ठेवलं होतं.

"मुलगा कुठंय?" हरिश्चंद्रने विचारलं.

"मुलगा नाहीये रे. कोंबड्यांची ओळख करून द्यायचीय."

मग हरिश्चंद्रने सावकाश बाह्या सरसावल्या. "ठीकाय. मुलगा नाही तर नाही. कोंबड्या तर आहेत ना?"

मी आशेने सुचेताकडे बघितलं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "माझ्या माहेरची अकरा माणसं दारात आलीयत. त्यांना काय वरणभात वाढू? मी वड्यांचं पीठ मळायला घेते." आणि आत गेली.

हरिश्चंद्रने पिंजऱ्याचं दार उघडून आत हात घातला. पंधरा दिवस ज्यांना पालक चिरून घातला त्या अशा ताटात जाणार? मी पुढे झालो आणि मधली जाळी खसकन ओढली. तिघी तांबड्या थेट जुन्यांच्या खुराड्यात घुसल्या. मुकादमने मानेची पिसं फुलवली. आता टक्कल पडणार म्हणून मी डोळे मिटले.

पण तिघींच्या मागोमाग हरिश्चंद्रही वाकून आत शिरला. नव्वद किलोचा माणूस खुराड्यात आलेला बघून मुकादम नवं-जुनं सगळं विसरली. ती त्याच्या नाकावर बसली, तिथून उडाली, आणि तिच्यामागे बाकी सहाही जणी बाहेर पडून बाथरूमच्या पत्र्यावर चढल्या. वर बघतो तर मधोमध मुकादम, आणि दोन्ही बाजूंना नव्या-जुन्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. खाली एक पीस नाही. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू.

"बघा," मी अकरा जणांना म्हणालो. "याला म्हणतात पद्धत."

हायवेवरच्या दुकानातून चिकन आणलं. नाकाला हळद लावून हरिश्चंद्रने नऊ वडे खाल्ले. क्षितिजाने साडी ठेवून घेतली. संध्याकाळी साती कोंबड्या आपल्या पायांनी एका खुराड्यात गेल्या आणि तेव्हापासून त्यांच्यात एकदाही भांडण झालेलं नाही.

क्षितिजाने तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. त्यात माझी पंधरा दिवसांची जाळी दिसत नाही. दिसतो तो फक्त खुराड्यात शिरणारा हरिश्चंद्र आणि पुढच्याच क्षणी एक झालेल्या कोंबड्या. खाली तिने लिहिलंय, 'मामाची पद्धत, फक्त वीस सेकंद'. आता लोक त्याला फोन करून सल्ला विचारतात. गेल्या रविवारी तर शेजारच्या चेणे गावातल्या एकांनी खास गाडी पाठवून त्याला कोंबड्या एकत्र करायला नेलं. मीही गेलो होतो. पिंजरा धरायला कुणीतरी लागतंच ना.