हाकेला ओ देणारी चरबी

मेहुणीला ‘बरं’ म्हणणं सोपं, निस्तरणं अवघड. हे ज्ञान हेडक्लार्कना बावन्नाव्या वर्षी झालं.

मेहुणी संशोधक. व्यायामानं चरबीच्या पेशींत काय फरक पडतो, हे तिला तपासायचं होतं. बारा माणसं हवी होती, अकरा मिळाली होती.

“भावोजी, अजिबात न हलणारा माणूस हवाय. तुमच्याइतका लायक कुणी नाही.”

एवढा मान त्यांना ऑफिसातही कधी मिळाला नव्हता. ते ‘बरं’ म्हणून बसले.

आधी पोटातून सुईनं वाटाण्याएवढी चरबी काढली (आरडाओरडा कलिंगडाएवढा झाला). मग हॉलमध्ये जागच्या जागी चालवायची सायकल आली. रोज पाऊण तास, बारा आठवडे.

“तीन दिवस,” बायकोनं भविष्य वर्तवलं.

इरेला पेटून त्यांनी पाच आठवडे काढले आणि सहाव्यात, घाम पुसता पुसता, सायकलवरून धाडकन पडले.

“गाडीनं उडवलं का साहेब?” कपाळावरची पट्टी पाहून शिपायानं विचारलं.

“नाही.”

“मग खड्डा?”

“हॉलमध्ये कुठला आलाय खड्डा!”

सोडून द्यावंसं वाटलं. पण एक जण गळाला तर मेहुणीची दोन वर्षांची मेहनत पाण्यात. पट्टीसकट ते पुन्हा चढले.

बारा आठवड्यांनी पुन्हा सुई. मग मेहुणीनं त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. त्यांनी डोळा लावला आणि श्वासच रोखला. गोल, टपोरे, चमकदार थेंब, एकमेकांना बिलगून बसलेले. जिला आपण आजवर नुसती ढेरी म्हणत आलो, तिच्या आत हे वैभव!

“पेशीवर रिसेप्टर असतात, म्हणजे कानच समजा,” मेहुणी म्हणाली. “व्यायाम करताना रक्तात येणारं अ‍ॅड्रिनलीन हाक मारतं, पेशी ऐकते आणि साठवलेली चरबी फोडून रक्तात सोडते. आता तुमच्या पेशी तेवढ्याच हाकेला जवळजवळ दुप्पट सोडतायत.”

“कान वाढले?”

“कान तेवढेच. ऐकल्यावर आतली हालचाल वाढली.”

हेडक्लार्कना भरून आलं. न सांगता, न दिसता, अंधारात केवढा हा कारभार! घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं, तेव्हा बायकोनं त्यांच्या पोटाकडे निरखून पाहिलं. मग तिनं बहिणीला फोन लावला.

“अगं, मग यांचं पोट होतं तेवढंच कसं?”

“सुटलेली चरबी स्नायूंनी वापरली तर संपते, ताई. नाहीतर परत पेशीत जाऊन बसते. सायकल झाल्यावर भावोजी काय करतात?”

“पोटभर खाऊन आडवे होतात.”

फोन ठेवून बायकोनं त्यांच्याकडे कौतुकानं पाहिलं.

“घराबाहेर पडायचं आणि काहीही काम न करता परत यायचं! अहो, पेशी तुमच्याच आहेत, वादच नाही.”